जागा बरोबर

एस.टी.तून उतरताना माणसं आधी एक पाय खाली टाकतात आणि मागून दुसरा. तुम्ही-आम्ही सगळे असेच उतरतो. आमच्या कचेरीचे पहारेकरी मात्र शेवटच्या पायरीवर थांबायचे, दोन्ही पाय जोडायचे, गुडघे थोडे वाकवायचे, हनुवटी छातीला लावायचे आणि दोन्ही पायांवर एकदमच धप्पकन खाली यायचे. मागच्यांचा खोळंबा व्हायचा. कंडक्टर वैतागून म्हणायचा, "बाबा, उतरा की सरळ माणसासारखं."

"सरळ उतरलं की पाय मोडतोय, मास्तर," हे शांतपणे सांगायचे. "आग्र्याला शिकिवलंय."

आग्र्याला म्हणजे छत्रीच्या पलटणीत. विमानातून उड्या मारून मारून त्यांची नोकरी झाली होती, आणि पेन्शनीत आल्यावर साताऱ्याच्या आमच्या भूमी अभिलेख कचेरीत ते पहाऱ्याला लागले होते. मी तिथे भूकरमापक होतो. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा दाखवायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, असं ते काम. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. बुटका, काटक माणूस, मिशी पांढरी आणि नीट कातरलेली. पहिल्याच दिवशी मी त्यांना हवालदार म्हणून हाक मारली, तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "सायेब, हवालदार नगा म्हनू. नायक म्हना."

हवालदार नायकाच्या वरचा. पेन्शनीच्या कागदावर हवालदार असं स्वच्छ लिहिलेलं. आपल्या हातानं स्वतःला एक पायरी खाली उतरवणारा माणूस सरकारी कचेरीत कुणी पाहिला नव्हता. आमच्याकडे शिपाईसुद्धा बाहेर स्वतःची ओळख साहेब म्हणून करून द्यायचा. आम्हाला वाटलं, ही म्हाताऱ्याची थट्टा. त्यामुळे आम्ही मुद्दाम हवालदार म्हणायचो आणि ते प्रत्येक वेळी तोंड फिरवायचे.

त्यांच्या डब्यांची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. शनिवारी कचेरी सुटली की ते एखाद्या डोंगरावर जायचे. कधी यवतेश्वर, कधी जरंडेश्वर, कधी अजिंक्यताऱ्याची मागची बाजू. तिथे दूध पावडरीचा रिकामा डबा लपवून यायचे. डब्यात एक छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. सोमवारी सूचना फलकाच्या कोपऱ्यात टाचणीनं चिठ्ठी लागायची. 'पाण्याच्या टाकीपासून मावळतीला, कदम १५०, दगडाखाली.' येणाऱ्या रविवारी ज्याला हौस असेल त्यानं जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव घालायचं आणि डबा जिथल्या तिथे ठेवायचा. नावाखाली एक वाक्य लिहायचंच, 'सापडला. जागा बरोबर.' हे त्यांनीच ठरवून दिलेलं होतं.

"आणि नियम?" मी एकदा विचारलं.

"येकच. डबा हलवायचा न्हाई."

जमीन मोजणाऱ्या माणसांना असला खेळ मिळाला तर आणखी काय हवं? आठवडाभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजून कंटाळलेली आमची कचेरी रविवारी डोंगर चढायला लागली. एकदा अधीक्षकसाहेब स्वतः आले. घामाघूम होऊन त्यांनी डबा शोधला, वही उघडली आणि सवयीनं 'पाहिले' असा शेरा मारून खाली तिरकी सही ठोकली. सोमवारी पहारेकऱ्यांनी ती वही थेट त्यांच्या टेबलावर नेली. "सायेब, ह्यात जागेचं काय लिवलं न्हाई." अधीक्षकांनी निमूटपणे 'जागा बरोबर' अशी भर घातली. त्या कचेरीत त्यांच्याकडून एखादा शेरा दुरुस्त करून घेणारा तो एकच माणूस मी पाहिला.

उडीबद्दल विचारलं की ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच, कचेरीच्या गच्चीवर पत्रे तपासायला चढलो होतो तेव्हा बोलले. खाली सातारा पसरलेला होता, समोर किल्ला. त्यांनी खिशातून वाळल्या गवताची चिमूट काढली, सोडून दिली, वारा पाहिला.

"उडी सोपी असती, सायेब. दाराशी उभं ऱ्हायचं, हिरवा दिवा लागला की पाय बाहेर. म्होरं काय करायचं ते वाराच करतोय. छत्री उघडली की इतकं शांत व्हतं की आपलाच श्वास ऐकू येतोय. वरनं सगळं दिसतं. येक झाड, येक विहीर, येक वाट. वाटतं, खाली गेलो की सगळं घावंल." मग म्हणाले, "खाली आलं की काय सापडत न्हाई. उडी सोपी, सापडायचं अवघड."

हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं. साहेबांचा चष्मा हरवला तरी तेच, भाजीवाल्याकडे चांगली वांगी मिळाली नाहीत तरी तेच.

आता यातली एक गोष्ट आम्ही त्यांच्यापासून लपवली होती. आमचे मुलाणी भाऊसाहेब निमतानदार होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेली मोजणी तपासणं हे त्यांचं काम. माणूस इतका काटेकोर की चहात साखर घालतानासुद्धा चमच्याचा काठ बघायचा. पहारेकऱ्यांचा कदम म्हणजे पलटणीचा कदम, तीस इंच. पहिल्या वर्षी चिठ्ठीत दीडशे कदम असले की आम्ही टेप लावायचो आणि डबा नेमका तिथेच निघायचा. दुसऱ्या वर्षी डबे अलीकडे निघायला लागले. म्हाताऱ्याच्या एका गुडघ्यात जुनं दुखणं होतं, एका वाईट उडीचं. पाऊल आखूड पडत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं.

मुलाणी भाऊसाहेबांनी डायरीच्या मागच्या पानावर हिशेब ठेवायला सुरुवात केली. "यंदा सत्तावीस इंच," ते जिन्यात गाठून हळू आवाजात सांगायचे. पुढच्या पावसाळ्यानंतर, "सव्वीसला आलंय हो." आम्ही तेवढं कमी धरून डबा शोधायचो आणि वहीत लिहायचो, सापडला, जागा बरोबर. सोमवारी पहारेकरी चष्मा लावून ते वाचायचे आणि म्हणायचे, "बरोबर येनारच. पलटनीचा कदम हाय." मुलाणी भाऊसाहेबांनी आयुष्यात कुणाची चुकीची मोजणी पास केली नव्हती. ही एवढीच केली, आणि तीही दर आठवड्याला. त्यांच्याकडे पाहून मला त्या दिवसांत फार बरं वाटायचं.

मग माझी सांगलीला बदली झाली. निरोप समारंभात नारळ, शाल, भाषणं सगळं झालं. पहारेकरी दाराशी उभे होते. सांगलीच्या कचेरीतून मला जतच्या बाजूला मोजणीचा कॅम्प लागणार, असं कुणीतरी बोललं आणि त्यांनी एकदम वळून पाहिलं. त्या वेळी काही बोलले नाहीत. दोनेक महिन्यांनी एका शनिवारी दुपारी सांगलीत माझ्या दारासमोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून दोन्ही पाय जोडून हे उतरले. हातात कापडी पिशवी.

चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड काढलं. पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटत आलेलं. त्यावर एवढंच होतं, 'बिरोबाच्या देवळाची पायरी. उगवतीला. कदम २६४. दगडाखाली.' खाली सही नाही, खुशाली नाही. शिक्का मात्र जत तालुक्यातल्या एका गावाचा.

"हे कुणाचं?"

"जतकराचं," ते म्हणाले. "उद्या माज्यासंगट याल काय? येकट्याला धीर व्हईना."

त्यांनी कशाला तरी धीर होत नाही असं म्हणावं, याचंच मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जतच्या गाडीत बसलो. मिरज मागे पडलं, ऊस संपला, द्राक्षाच्या बागा संपल्या, मग नुसतं माळरान आणि मेंढरं. त्यांनी खिडकीबाहेर बघत बघतच सगळं सांगितलं.

जतकर त्यांचा पलटणीतला जोडीदार. उंच, लांब हातापायांचा, अर्धं बोलणं मराठी आणि अर्धं कानडी. दोघंही नायक. डब्याचा खेळ मुळात या दोघांचा. सरावाच्या उडीत जो आधी खाली येईल त्यानं तंबाखूची चपटी डबी लपवायची. जागा वरून उतरतानाच हेरून ठेवायची, हा त्यातला मुख्य डाव. मग दुसरा आला की त्याला दिशा आणि कदम सांगायचे. छत्री गुंडाळून होईपर्यंत आणि ट्रक येईपर्यंत अर्धा-पाऊण तास मिळायचा, तेवढ्यात त्यानं शोधायची. डबीत एक इवलीशी वही. डबीला दोघं डबाच म्हणत, म्हणून शोधणाऱ्यानं लिहायचं, सापडला, जागा बरोबर. अशा अठरा उड्यांत अठरा वेळा डबी लपवली आणि अठरा वेळा सापडली.

"एकोणिसाव्याला माजी पाळी व्हती," ते म्हणाले. "लपिवली, त्याला कदम सांगितलं. त्यो छत्री गुंडाळत व्हता, तवर मी डबी उचलली आन दुसऱ्याच झुडपाखाली नेऊन ठिवली."

"का?"

"थट्टा. आसंच." गाडी एका थांब्यावर थांबली, माणसं चढली, गाडी सुटली, तेव्हा पुढे बोलले. "ट्रक आला. त्यो म्हनला, डबी घेतल्याबिगर येनार न्हाई. हट्टी लय. मला वाटलं, मागनं दुसऱ्या ट्रकनं येईल. दुसरा ट्रकच न्हवता. संध्याकाळच्या हजेरीला त्यो न्हवता. शिक्षा झाली. त्याच वक्ताला आमा दोघांची नावं हवालदारीला गेली व्हती. त्याचं नाव कटलं, माजं ऱ्हायलं."

मी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली.

"हवालदारीची जागा येकच हाय, हे मला तवा ठावं न्हवतं, असं मी म्हनत न्हाई," ते खिडकीकडे बघून म्हणाले. "ठावं व्हतं. थट्टाच केली, पन ठावं व्हतं."

त्यांच्या हवालदारीचा अर्थ मला तेव्हा कळला. आम्ही चेष्टेत दिवसातून दहा वेळा त्यांना हवालदार म्हणून हाक मारत होतो, हे मला आठवलं.

जतकर पुन्हा त्यांच्याशी बोलला नाही. एक शब्द नाही. पेन्शन घेऊन गावी गेला. पाचसात वर्षांनी हे कार्ड आलं, नुसते आकडे लिहिलेलं. यांनी काय समजावं? यांनी समजलं की तो उट्टं काढतोय. बोलावून घेणार, उन्हात माळावर दगड उलथायला लावणार, डबा नसणारच, आणि तो देवळाच्या पायरीवर बसून हसणार. म्हणून गेले नाहीत. दर दसऱ्याला जाऊ म्हणायचे आणि राहून जायचं. चार वर्षांनी पलटणीतल्या कुणीतरी कळवलं की जतकर गेला.

"आता डबा हाय का न्हाई, येवढंच बघायचं हाय," ते म्हणाले. "आसला तर त्यानं मला माफ केलं. नसला तर न्हाई. दुसरं कुनाला इचारू?"

गावात पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. ज्वारी निघून गेलेली, शेतात नुसती खुंटं. पाण्याचा टँकर येऊन गेला होता आणि रस्त्यावर ओल्याचा पट्टा तेवढा राहिला होता. जतकराची बायको दारात बसून भांडी लावत होती. यांनी आपली ओळख सांगितली. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"लय उशीर केला की, भाऊजी," ती म्हणाली. रागानं नाही. आत गेली, दोन तांबे ताक आणलं. मागितल्यावर कुदळही दिली. कशाला हवी ते विचारलं नाही. आम्ही निघताना मात्र म्हणाली, "ते पन दिवाळीला त्या माळावर जाऊन यायचे. काय बघायला जायचे, कुनास ठावं. घरात कवा सांगितलं न्हाई."

वाटेत मी म्हणालो, "बघा, म्हणजे डबा असणार."

"हसायला जात आसंल," ते म्हणाले.

बिरोबाचं देऊळ लहान, दगडी, पायरी मधोमध झिजलेली. त्यांनी पायरीला टाच लावली, होकायंत्र काढून उगवती धरली आणि चालायला लागले. ओठ हलत होते. मी मागून चालत होतो आणि माझी नजर त्यांच्या पायांवर होती. सांगलीला गेल्यापासून मी त्यांना कदम मोजत चालताना पाहिलं नव्हतं. उजवा पाय जेमतेम पुढे पडत होता. माझ्या अंदाजानं चोवीस इंच, फार तर. दोनशे चौसष्ट झाले आणि ते थांबले.

माळावर सगळीकडे दगडच दगड. त्यांनी पहिला उलथला, दुसरा उलथला, कुदळीनं मुरूम उकरला. मी मदतीला गेलो तर हातानंच थांबवलं. अर्ध्या तासात त्यांनी भोवतालचे सगळे दगड पालथे घातले. शेवटी घाम पुसून तिथेच खाली बसले.

"न्हाई," ते म्हणाले. "बरोबर केलं त्यानं. आसंच करायला पायजे व्हतं. चला."

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. माझ्या पिशवीत तीस मीटरचा टेप होता, तो भूकरमापकाच्या पिशवीत असतोच. डबा कुठे असेल हे मला जवळजवळ कळलं होतं. गुपचूप पुढे जाऊन उचलून आणता आला असता. पण मग तो मी दिलेला डबा झाला असता, जतकरानं सांगितलेल्या जागेवर सापडलेला नव्हे. आणि खरं सांगायचं तर पुढे जाऊन शोधायचं कारण सांगावंच लागलं असतं.

"नायक," मी म्हणालो. मी त्यांना पहिल्यांदाच असं म्हणत होतो. "तुमचा कदम तीस इंच राहिलेला नाही."

त्यांनी मान वर केली.

"चोवीस आहे. चार वर्षांपासून कमी होतोय. साताऱ्याला तुमचे डबे अलीकडे निघायचे. आम्ही तेवढं धरून शोधायचो."

"वहीत तर बरोबर लिवलेलं आसायचं."

"आम्ही खोटं लिहायचो."

"मुलानी भाऊसायेब बी?"

"तेच आधी."

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. डबा नाही म्हटल्यावर उतरला नव्हता तेवढा तो आता उतरला. मुरमाची चिमूट उचलून खाली सोडली. मग म्हणाले, "म्हंजे तुमी समद्यांनी डबा हलवला की."

ते खरं होतं. आम्ही ते प्रेमानं केलं होतं आणि तरीही ते खरं होतं.

"लावा टेप," ते उठत म्हणाले.

देवळाच्या पायरीपर्यंत परत आलो. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. दोनशे चौसष्ट कदम, तीस इंची. सहा टेप भरून वर एकवीस मीटर. आम्ही मघाच्या उकरलेल्या जागेवरून पुढे गेलो, चाळीस मीटर. तिथे बोराटीच्या झुडपाशेजारी एक चपटा दगड होता, एकाच बाजूनं मातीत रुतलेला. त्यांनी तो उलथवला नाही. आधी वाकून त्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "तुमी उचला."

खाली तुपाचा जुना डबा होता, तोंडाला छत्रीचं कापड बांधलेला. ते कापड अजून शाबूत होतं. डब्यात तंबाखूची चपटी डबी आणि डबीत ती इवलीशी वही.

डबा होता. एवढंच बघायला आम्ही आलो होतो. त्यांनी वही उघडली, चष्मा सापडेना म्हणून माझ्या हातात दिली. "वाचा."

मी वाचत गेलो. एक, सापडला, जागा बरोबर. दोन, सापडला, जागा बरोबर. एक अक्षर यांचं, एक त्याचं, आलटून पालटून अठरापर्यंत. मग एकोणीस. वर यांच्या अक्षरात कदम आणि दिशा. खाली जतकराच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"वाचा की."

"एकोणीस," मी वाचलं. "सापडला. जागा बरोबर."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी दुसरीकडे, देवळाच्या कळसाकडे बघत राहिलो.

"त्यानं बी खोटं लिवलं की रं," ते शेवटी म्हणाले. कुणाला म्हणाले, मला कळलं नाही. मला ते कधी रं म्हणत नसत. "हजेरी चुकली, हवालदारीची फीत गेली, आन लिवलंय बघा. जागा बरोबर."

त्याच्याखाली वीस होता. देऊळ, उगवती, २६४, दगडाखाली, आणि मग एक ओळ कोरी सोडलेली. पेन्सिल डबीतच होती. त्यांनी वही गुडघ्यावर ठेवली आणि सावकाश लिहिलं. सापडला. जागा बरोबर. ते मात्र खरंखुरं होतं.

तुपाचा डबा आम्ही परत दगडाखाली ठेवला. वहीसकट डबी त्यांनी खिशात घातली, कारण पुढची पाळी त्यांची. परतताना म्हणाले, "मुलानी भाऊसायेबास्नी सांगा, माजा राग न्हाई. पन आता हितनं म्होरं खरं लिवायचं."

तसं आम्ही केलं. म्हणजे साताऱ्याच्या मंडळींनी केलं, मी पत्रातून ऐकलं. चिठ्ठीत आता 'कदम १००, चाल चोवीस इंची' असं यायला लागलं. मुलाणी भाऊसाहेब दर तीन महिन्यांनी कचेरीच्या व्हरांड्यात त्यांना टेपवरून चालायला लावायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. पहारेकरी तो ऐकून मान हलवायचे. हवालदार म्हटलं तरी ते आता तोंड फिरवेनात, असंही भाऊसाहेबांनी लिहिलं होतं.

पहारा झेपेना तेव्हा ते कराडजवळच्या मलकापूरला लेकीकडे राहायला गेले. तिथून सत्त्याण्णव सालच्या भादव्यात मला एक पोस्टकार्ड आलं. 'एकवीस. आगाशिवाच्या पायऱ्या संपतात तिथून मावळतीला. कदम ९०, चाल एकवीस इंची. दगडाखाली.' आणि खाली सही. हवालदार. स्वतःच्या हातानं लिहिलेला तो शब्द मी प्रथमच पाहत होतो.

मी जतच्या कॅम्पवर होतो. दसऱ्याला जाऊ म्हटलं, मग दिवाळीला जाऊ म्हटलं. हो, तेच. सगळं माहीत असून मी तेच केलं. दिवाळीच्या चार दिवस आधी मुलाणी भाऊसाहेबांचा फोन आला, आपले हवालदार गेले.

मलकापूरला गेलो तेव्हा लेकीनं सांगितलं, डब्याच्या दिवशी ते कुणालाच बरोबर येऊ देईनात. सकाळी गेले, दुपार टळल्यावर आले, दोन दिवस अंथरुणात होते. नंतर रोज विचारायचे, सांगलीचे सायेब आले का. तिनं चहा केला. तो मी प्यायलो आणि आगाशिवाच्या डोंगराकडे निघालो.

पिशवीतला टेप मी मुद्दाम तिच्याकडे ठेवून गेलो होतो. आगाशिवाच्या पायऱ्या संपल्या तिथे टाच लावली आणि चालायला लागलो. एकवीस इंच म्हणजे फारच छोटं पाऊल. एकवीसच पडावं म्हणून मला उजवा पाय थोडा ओढत चालावं लागलं. लेणी बघायला आलेली दोन माणसं थांबून बघत होती. नव्वद मोजून झाले. तिथे दगड नव्हता, नुसतं गवत होतं. मी गुडघ्यांवर बसून सगळीकडे चाचपलं. काही नव्हतं.

मग मागे फिरलो, एकेक पाऊल मोजत. बारा पावलं अलीकडे वाटेलगत एक बसण्याजोगा सपाट धोंडा होता आणि त्याच्या पायाशी एक लहान दगड. चाल एकवीसही उरली नव्हती. तिथे ते बसले असणार, दम खाल्ला असणार आणि तिथेच वाकून डबा ठेवला असणार. मीही त्या धोंड्यावर बसलो. समोर कराड दिसत होतं, कोयना दिसत होती, सगळं अगदी जवळ आणि स्वच्छ.

दगड उचलला. दूध पावडरीचा डबा, त्यात चपटी डबी, डबीत तीच वही. वीस उलटला. एकवीसखाली त्यांनी एक ओळ कोरी ठेवली होती. त्यांनी मला बजावलं होतं की खरं लिहायचं. पेन्सिलीला टोक नव्हतं, ते मी दगडावर घासून काढलं आणि माझं नाव घातलं.

नावाखाली लिहिलं, सापडला. जागा बरोबर.